'मी तुझ्या भाषेत': पिजिन कशी घडते, कशी वाढते

"काक स्प्रेक? मोया न्येत फोरस्तो."

अर्थ सांगायचा तर, "काय म्हणालास? मला नाही कळलं." यातले 'काक', 'मोया' आणि 'न्येत' हे शब्द रशियन. 'फोरस्तो' नॉर्वेजियन. 'स्प्रेक' उत्तर युरोपातल्या बंदरांमधून हिंडत आलेला. जर्मन, डच, इंग्रजी, तिन्हींत त्याची भावंडं सापडतात. 'मोया'चा रशियन अर्थ खरं तर 'माझी', पण इथे तो 'मी' म्हणून उभा आहे. रशियन शिकवणारा शिक्षक हे वाक्य लाल शाईने खोडेल आणि नॉर्वेजियन शिकवणाराही खोडेल. तरीही नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर शंभराहून जास्त वर्षं माणसं असंच बोलत होती आणि त्यांचं काम कुठे अडत नव्हतं.

या भाषेला अभ्यासक रुसेनोर्स्क म्हणतात. तिच्या नोंदी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मिळतात. श्वेत समुद्राच्या काठचे पोमोर नावाचे रशियन व्यापारी दर उन्हाळ्यात जहाजं घेऊन यायचे, राईचं पीठ आणि लाकूड उतरवायचे आणि मासे भरून न्यायचे. उन्हाळ्यात माशांना अळ्या पडायच्या, नॉर्वेजियन व्यापारी तो माल घ्यायला नाखूश असायचे, पोमोर मात्र मिठात घालून घेऊन जायचे. कोळ्याला पीठ हवं होतं आणि पोमोरला मासा. दोघांत कुणी मालक नव्हता, कुणी नोकर नव्हता. वर्षातून थोडे दिवस गाठ पडायची, मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दोघेही आपापल्या घरी.

एवढ्या ओळखीला जेवढी भाषा लागते, तेवढीच त्यांनी केली. रुसेनोर्स्कचे नोंदलेले शब्द सुमारे ४००. त्यातले जवळपास निम्मे सगळ्या नोंदींत एकेकदाच भेटतात, म्हणजे रोजच्या वापरात १५० ते २०० शब्द असावेत. मासा, पीठ, विकत घेणं, जहाज, पैसे, पिणं, उद्या. नॉर्वेजियन शब्द थोडे जास्त आणि रशियन थोडे कमी, पण पारडं साधारण समतोल. हा समतोल पिजिनमध्ये क्वचितच दिसतो, आणि तो का दिसतो हे वर सांगितलंच: व्यवहार बरोबरीचा होता.

यातला एक शब्द मला फार आवडतो. 'पो'. नॉर्वेजियनमध्ये 'वर' या अर्थाचा एक छोटा शब्द आहे, त्याचा उच्चार साधारण 'पो' होतो. रशियनमध्येही 'पो' आहे, त्याचे अर्थ वेगळे, पण काही ठिकाणी नॉर्वेजियन 'पो'शी जुळणारे. दोघांच्या कानाला तो ओळखीचा वाटला आणि दोघांनी तो धरून ठेवला. मग सगळा भार त्याच्यावर पडला. मराठीत आपण घरी, घरात, घरावर, घराकडे, घराचा असं म्हणतो; रुसेनोर्स्कमध्ये ही सगळी कामं एकटा 'पो' करायचा. संदर्भावरून ऐकणाऱ्याने ओळखायचं. समोर मासळीचा ढीग आणि पिठाची पोती असताना ते अवघडही नव्हतं.

बोलणारे स्वतः या भाषेला 'मोया पो त्वोया' म्हणत. शब्दशः 'मी तुझ्यात', म्हणजे 'मी तुझ्या भाषेत'. नॉर्वेजियन माणसाला वाटायचं आपण रशियन बोलतोय, रशियन माणसाला वाटायचं आपण नॉर्वेजियन बोलतोय. दोघेही एकमेकांच्या दिशेने चालत निघाले आणि मध्येच कुठेतरी, दोघांच्याही गावाबाहेर, भेटले. पिजिन म्हणजे काय हे याहून नेमकं सांगता येईल असं मला वाटत नाही.

व्याख्याच हवी असेल तर अशी: एकमेकांची भाषा न येणाऱ्या गटांचा पुन्हा पुन्हा संबंध येतो, ठरावीक कामापुरतं बोलावं लागतं, आणि त्यातून जी सर्वांना मान्य अशी आटोपशीर भाषा तयार होते ती पिजिन. ती कुणाचीही मातृभाषा नसते. सगळेच ती नंतर शिकलेले असतात.

आणि ती शिकावी लागते, हे ठासून सांगायला हवं. पिजिन म्हणजे मोडकीतोडकी भाषा, असा एक पक्का समज आहे. परक्या देशात पहिल्यांदा गेलेला माणूस हातवारे करत चार शब्द जुळवतो ती मोडकी भाषा. दर माणसाची मोडतोड वेगळी. पिजिनमध्ये मात्र बरोबर आणि चूक असतं. कुठला शब्द आधी, कुठला नंतर, नकार कसा द्यायचा, हे ठरलेलं असतं. नुसतं इंग्रजी येणारा माणूस पापुआ न्यू गिनीत उतरला तर तिथली टोक पिसिन त्याला कळणार नाही, तिचे बहुतेक शब्द मुळात इंग्रजी असूनही.

भाषा शिकायला मज्जाव

मग प्रश्न येतो, माणसं सरळ एकमेकांची भाषाच का शिकत नाहीत? माणूस हुशार प्राणी आहे. दोन-चार वर्षं शेजारी राहिला की शिकतो. पिजिन जन्माला येते ती बहुधा या शिकण्याच्या आड काहीतरी आलेलं असतं म्हणून. कधी वेळ नसतो, पोमोरांसारखा. कधी गटच इतके असतात की कुणाची भाषा शिकायची हे ठरत नाही. आणि कधी शिकूच दिलं जात नाही.

चीनमधलं कॅंटन, आजचं ग्वांगझू, हे शेवटच्या प्रकाराचं उदाहरण. १७५७पासून पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये फक्त याच बंदरात व्यापाराची मुभा होती. शहराबाहेर नदीकाठच्या ठरावीक वखारींत राहायचं, हंगाम संपला की निघायचं, परवाना असलेल्या चिनी व्यापाऱ्यांशीच बोलायचं. १७५९ साली जेम्स फ्लिंट या इंग्रज माणसाने थेट सम्राटापर्यंत तक्रार पोहोचवली, तीही चिनी भाषेतल्या अर्जाने. त्याला मकाऊमध्ये तीन वर्षं कैदेत ठेवलं गेलं. तो अर्ज लिहायला मदत करणाऱ्या चिनी माणसाला मृत्युदंड झाला. परक्यांना चिनी शिकवणं हा गुन्हा ठरला.

आता अशा ठिकाणी व्यापार तर जोरात चालू आहे, चहाची खोकी भरली जाताहेत, आणि एका बाजूला दुसऱ्याची भाषा शिकायला बंदी आहे. उरला एकच रस्ता. चिनी दलाल, नोकर आणि दुकानदार यांनी इंग्रजी शब्द उचलले आणि आपल्या पद्धतीने मांडले. 'बिझनेस' या शब्दाचा त्यांच्या तोंडी झालेला उच्चार म्हणजेच 'पिजिन', असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे या सगळ्या प्रकाराला आपण जे नाव देतो, त्याचा मूळ अर्थ 'कामधंदा'.

शब्द इंग्रजी, पण हाडं चिनी. चिनी भाषेत 'तीन माणूस' असं थेट म्हणता येत नाही. संख्या आणि नाम यांच्यामध्ये मोजण्याचा एक शब्द घालावा लागतो. आपण 'चार जण' किंवा 'चार नग' म्हणतो त्याची आठवण करा, फक्त तिथे ते प्रत्येक नामाला सक्तीचं आहे. कॅंटनच्या पिजिनमध्ये या जागी 'पीस' हा इंग्रजी शब्द बसला: 'वन पीसी मॅन', म्हणजे एक माणूस. 'नो कॅन डू' हीसुद्धा तिथलीच वाक्यरचना. पुढे इंग्रजांनीच ती आपल्या घरात नेली आणि आज ती कुठून आली हे कुणाच्या मनातही येत नाही. हे शब्द शिकण्यासाठी चिनी अक्षरांत उच्चार दिलेल्या छोट्या पुस्तिका छापल्या गेल्या होत्या. ज्या भाषेला 'मोडकी' म्हणून हसलं गेलं, तिच्या शिकवणीसाठी लोक पदरचे पैसे मोडत होते.

एक गोष्ट इथे लक्षात येते. पिजिनमधले शब्द बहुतेक वेळा एकाच बाजूचे असतात, आणि ती बाजू जिच्या हातात पैसा किंवा सत्ता आहे तिची. वाक्याची ठेवण, आवाज, विचार करायची रीत मात्र दुसऱ्या बाजूकडून झिरपते. रुसेनोर्स्कसारखा निम्मा-निम्मा वाटा हा अपवाद.

आणि भाषा 'सोपी' करण्याचं काम एकटा शिकणारा करत नाही. ज्याची भाषा आहे तोही समोरच्याशी बोलताना प्रत्यय गाळतो, क्रियापदं एकाच रूपात वापरतो, आवाज चढवून तेच तेच शब्द फिरवतो. ऐकणारा तेच उचलतो, कारण त्याला दुसरं काही ऐकायलाच मिळत नाही. मग 'यांना याहून जास्त जमत नाही' असा निष्कर्ष काढला जातो. पिजिन बोलणाऱ्यांवर झालेला हा अन्याय फार जुना आहे.

काय गळतं, काय उरतं

गळतं ते साधारण ठरलेलं असतं. लिंग, वचन, विभक्ती, काळाची रूपं. मराठीत 'गेला, गेली, गेलं, गेले, गेल्या' एवढी रूपं एकट्या 'जाणे'ची होतात; पिजिनमध्ये 'जा' या एका रूपावर भागतं. काल, उद्या, झालं असे सुटे शब्द लावून काळ सांगायचा. शब्द कमी, म्हणून प्रत्येक शब्दाच्या अर्थाचा पसारा मोठा.

टोक पिसिनमधला 'ग्रास' हा शब्द घ्या. मूळ इंग्रजी अर्थ गवत. टोक पिसिनमध्ये जे जे काही पृष्ठभागातून उगवतं ते 'ग्रास'. 'ग्रास बिलोंग हेट', डोक्याचं गवत, म्हणजे केस. 'माउसग्रास', तोंडाचं गवत, म्हणजे मिशी. 'ग्रास बिलोंग पिसिन' म्हणजे पक्ष्याची पिसं. 'हान बिलोंग दिवाई' म्हणजे झाडाचा हात, अर्थात फांदी. याला शब्दांचं दारिद्र्य म्हणायचं की जोडाजोडीचं कसब? मी दुसऱ्या बाजूचा. आपणही पेल्याला कान आणि सुईला नाक लावतोच की.

शब्दांची ये-जा पाहिली की माणसांच्या वाटा दिसतात. 'पिकिनिनी' म्हणजे मूल आणि 'सावे' म्हणजे माहीत असणं, हे टोक पिसिनमधले दोन्ही शब्द मुळात पोर्तुगीज वळणाचे. नायजेरियातल्या पिजिनमध्ये हेच 'पिकिन' आणि 'साबी' होऊन भेटतात. पश्चिम आफ्रिका आणि प्रशांत महासागर यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी आहे. पण खलाशी एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जात होते आणि 'परक्यांशी बोलायचे शब्द' म्हणून हे त्यांच्या गाठोड्यात होते.

टोक पिसिन

टोक पिसिनची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण पिजिनच्या वाढीचे सगळे टप्पे एकाच भाषेत इतके स्पष्ट क्वचितच पाहायला मिळतात.

१८६३ ते १९०४ या काळात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांवर प्रशांत महासागरातल्या बेटांवरून साधारण ६२,००० मजूर आणले गेले. बहुतेक वानुआतू आणि सॉलोमन बेटांवरचे. काही करारावर आले, काहींना फसवून किंवा पळवून आणलं गेलं. या बेटांवर दर काही मैलांवर भाषा बदलते. एका मळ्यावर शेजारी शेजारी ऊस तोडणाऱ्या दोन माणसांना एकमेकांचं अक्षरही कळत नसे. जर्मनांच्या सामोआतल्या मळ्यांवर न्यू गिनीच्या बाजूच्या मजुरांची गत तीच.

इथे लक्षात घ्यायचं ते हे, की या पिजिनची गरज मजुराला मालकाशी बोलण्यापेक्षा मजुराशी बोलण्यासाठी जास्त होती. मुकादमाचा हुकूम दहा-वीस शब्दांत भागतो. रात्री खोपटात बसून गावाची आठवण सांगायला, भांडायला, समजूत घालायला जास्त भाषा लागते. मालक आणि मजूर यांच्यापुरतीच राहिलेली पिजिन खुरटते. मजुरांनी आपापसांत बोलायला घेतलेली पिजिन फोफावते.

खुरटण्याचं उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या खाणींमधली फानागालो. तिचे बहुतेक शब्द झुलू भाषेतले, थोडे इंग्रजी आणि आफ्रिकान्स. अनेक देशांतून आलेल्या खाणकामगारांना खाली उतरण्यापूर्वी ती शिकवली जायची. धर, उचल, थांब, इकडे ये, छत तपास. ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, पण हुकमाची भाषा म्हणूनच. अनेक कामगारांना ती अपमानाची वाटे, यात नवल नाही.

मळ्यांवरून करार संपवून परतलेले मजूर आपली पिजिन गावी घेऊन आले. न्यू गिनीत तेव्हा जर्मन सत्ता होती, म्हणून काही जर्मन शब्द शिरले. 'राउस' म्हणजे जर्मनमध्ये 'बाहेर हो'. टोक पिसिनमध्ये त्याचं 'राउसिम' झालं: हाकलणे, काढून टाकणे. शेवटचा 'इम' हा इंग्रजी 'हिम'चा उरलेला तुकडा. क्रियापदाला कर्म आहे हे सांगायला तो लागतो. 'लुकिम' म्हणजे पाहणे, 'कुकिम' म्हणजे शिजवणे. जर्मन शब्द, इंग्रजी शेपूट, आणि कर्माची खूण लावायची पद्धत तिथल्या बेटांवरच्या भाषांची. एका 'राउसिम'मध्ये तीन घरं नांदताहेत.

सर्वनामांकडे पाहिलं की मराठी माणसाला आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं. इंग्रजीत 'वुई' एकच. 'वुई आर गोइंग' म्हटल्यावर ऐकणाऱ्याला कळत नाही की त्यालाही बोलावलंय की नाही. मराठीत 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जातो' यांत ही शंका राहत नाही. प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या भाषांमध्येही हा भेद आहे, आणि इंग्रजीत तो नाही म्हणून तिथली माणसं अडून बसली नाहीत. 'यू' आणि 'मी' जोडून त्यांनी 'युमी' केलं: तू धरून, म्हणजे आपण. 'मी'ला 'फेलो'पासून आलेला 'पेला' लावून 'मिपेला' केलं: तुला सोडून, म्हणजे आम्ही. आपल्याहून ते एक पाऊल पुढे गेले. 'मितुपेला' म्हणजे आम्ही दोघं, 'युमितुपेला' म्हणजे आपण दोघं. सगळा कच्चा माल इंग्रजी, आणि तयार झालेली वस्तू इंग्रजीकडे नसलेली.

'बाय'चा प्रवास

भाषेत व्याकरण कुठून येतं, याचं उत्तर सहसा हजारो वर्षांच्या धुक्यात हरवलेलं असतं. टोक पिसिनमध्ये ते शंभर-सव्वाशे वर्षांत डोळ्यांसमोर घडलं.

सुरुवातीला भविष्यकाळ सांगायला 'बाइम्बाय' हा शब्द वाक्याच्या आरंभी लावत. इंग्रजीतल्या 'बाय अँड बाय'चा, म्हणजे 'थोड्या वेळाने, पुढेमागे'चा तो अवतार. 'बाइम्बाय मी गो': नंतर कधीतरी, मी जाणार. हा पूर्ण वजनाचा शब्द होता. त्याच्यावर जोर असायचा आणि गरज असेल तेव्हाच तो यायचा. वापरून वापरून तो झिजला आणि 'बाय' उरला. मग तो वाक्याच्या दारातून आत सरकू लागला आणि कर्त्याला ओलांडून क्रियापदाला जाऊन चिकटला. 'थोड्या वेळाने' हा अर्थ विरला. आता तो नुसतं भविष्य दाखवतो, आणि वाक्यात 'उद्या' हा शब्द आधीच असला तरी हजर राहतो. मराठीत 'करून टाकलं' म्हणताना आपण काही खाली टाकत नसतो. 'टाकणे'चा अर्थ झिजून केवळ 'काम पुरतं उरकलं' एवढी छटा उरली आहे. 'बाय'चं तेच झालं.

गिलियन सँकॉफ आणि सुझान लाबर्ज या दोन अभ्यासकांनी पापुआ न्यू गिनीतल्या लाए शहरातल्या कुटुंबांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. त्यांचा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी लाएमध्ये एक नवी गोष्ट घडत होती: वेगवेगळ्या भाषांचे स्त्री-पुरुष लग्न करून शहरात राहत होते, घरात टोक पिसिन बोलत होते आणि त्यांच्या मुलांची ती पहिली भाषा होत होती. आईवडील 'बाय' जरा ठसठशीत उच्चारत, मुलं तो पार आवळून टाकत, कधी 'ब'पुरताच. मुलं भराभर बोलत होती, शब्द एकमेकांत मिसळत होती, जशी आपण मातृभाषेत मिसळतो. पण 'बाय' नियमाने वापरायची सवय मुलांनी लावली नव्हती, ती मोठ्यांच्या बोलण्यात आधीच आली होती. मुलांनी तीच वाट पुढे नेली.

हा बारकावा मला महत्त्वाचा वाटतो, कारण पिजिनबद्दलचा सर्वांत मोठा वाद इथेच आहे.

मुलं नवी भाषा रचतात का?

पिजिन जेव्हा मुलांची मातृभाषा होते तेव्हा तिला क्रिओल म्हणतात. हैतीतल्या क्रिओलचे आज एक कोटीहून अधिक भाषक आहेत आणि १९८७च्या राज्यघटनेने तिला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. (प्रत्येक क्रिओलच्या आधी एक पक्की पिजिन होतीच, असं मात्र सगळे अभ्यासक मानत नाहीत.)

डेरेक बिकरटन या भाषावैज्ञानिकाने हवाई बेटांवरच्या ऊसमळ्यांचा अभ्यास करून एक धाडसी सिद्धान्त मांडला. चीन, पोर्तुगाल, जपान, फिलिपाइन्स अशा ठिकाणांहून तिथे मजूर आले. पहिल्या पिढीच्या पिजिनला धड नियम नव्हते. जपानी माणूस क्रियापद शेवटी ठेवायचा, फिलिपिनो माणूस आधी. त्यांची तिथेच जन्मलेली मुलं मात्र एकसारखं, नियमबद्ध बोलायला लागली. आईबापांकडे नसलेलं व्याकरण मुलांनी आणलं कुठून? बिकरटन म्हणाला, ते माणसाच्या मेंदूत जन्मजात आहे. म्हणूनच जगाच्या दोन टोकांच्या क्रिओल भाषांची ठेवण एकमेकींसारखी दिसते.

कल्पना देखणी आहे. पण नंतर इतर अभ्यासकांनी हवाईतल्या जुन्या नोंदी बारकाईने तपासल्या तेव्हा चित्र बदललं. तिथे जन्मलेली पहिली मुलं घरी आईबापांचीच भाषा बोलत होती. क्रिओल पक्की झाली ती पुढच्या पिढीत, आणि तिच्या व्याकरणात त्या त्या पूर्वजभाषांच्या खुणाही सापडल्या. एका रात्रीत, एका पिढीत झालेला चमत्कार असा तो नव्हता. माझा कल या दुसऱ्या बाजूकडे आहे. लाएमधल्या 'बाय'नेही तेच दाखवलं होतं.

तरीही मुलांचा वाटा मोठा आहे, हे निकाराग्वाने दाखवलं. ही पिजिनची गोष्ट नाही, पण तिच्या शेजारची आहे. १९७७ साली मानाग्वा शहरात विशेष मुलांसाठी शाळा निघाली आणि एरवी आपापल्या घरी एकटी वाढणारी कर्णबधिर मुलं पहिल्यांदाच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवू पाहत होते. ते फारसं साधलं नाही. पण मैदानावर आणि बसमध्ये मुलांनी आपापल्या घरगुती खुणा एकत्र केल्या आणि त्यातून एक खूणभाषा उभी राहिली.

ॲन सेंघास आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहा. मुलांना आणि मोठ्यांना कार्टून दाखवलं, त्यात एक मांजर उतारावरून घरंगळत जातं. मग ते खुणांनी सांगायला लावलं. सर्वांत आधी शाळेत आलेली, आता मोठी झालेली पिढी बहुधा एकच खूण करायची: हात गोल फिरवत खाली आणायचा, जशी कुणीही नक्कल करून दाखवेल. नंतर आलेली मुलं ती हालचाल तोडून दोन खुणा करू लागली. आधी 'घरंगळणे', मग 'खाली'. वरवर पाहता ही उलटी चाल वाटते, कारण अखंड हालचाल प्रत्यक्षाच्या जास्त जवळ आहे. पण तोडल्यामुळे दोन सुटे भाग हाती आले. आता 'खाली' ही खूण पडणं, उतरणं, घसरणं, कशालाही लावता येते. नकलेतून शब्द आणि शब्दांतून वाक्य होतं ते असं.

पुन्हा एकदा पापुआ न्यू गिनी

१९५३ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विश्वस्त मंडळाने, तेव्हा न्यू गिनीचा कारभार पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियाला सांगितलं होतं की न्यू गिनीतली ही पिजिन बंद करा. मळ्यांवरच्या गुलामगिरीची ती खूण आहे, असा त्यामागचा विचार. हेतू चांगला असेलही, पण ज्यांनी ती भाषा घडवली त्यांना ती गुलामगिरी वाटत नव्हती. १९७० साली टोक पिसिनमधलं साप्ताहिक सुरू झालं, त्याचं नाव 'वांटोक'. 'वन टॉक', म्हणजे ज्याची बोली माझीच आहे तो. आपल्या माणसाला तिथे हाच शब्द आहे. १९७५मध्ये देश स्वतंत्र झाला. ८००हून अधिक भाषांच्या या देशाच्या संसदेत आज सर्वांत जास्त ऐकू येते ती टोक पिसिन.

रुसेनोर्स्क मात्र रशियन क्रांतीनंतर सरहद्द बंद झाली आणि व्यापार थांबला तशी काही वर्षांत संपली. कुणाची मातृभाषा नव्हती, म्हणून कुणी तिच्यासाठी रडलंही नसेल.

टोक पिसिनच्या यशाला दुसरी बाजू आहे. सेपिक नदीच्या मुखाजवळच्या दलदलीत गापुन नावाचं छोटं खेडं आहे. तिथली ताइयाप ही भाषा जगात दुसरीकडे कुठेही नाही आणि ती बोलणारे कायमच मूठभर होते. मळ्यांवर जाऊन आलेल्या गावच्या पुरुषांनी टोक पिसिन आणली. डॉन क्युलिक हा मानववंशशास्त्रज्ञ १९८०च्या दशकात तिथे राहायला गेला तेव्हा दहा वर्षांखालचं एकही मूल ताइयाप बोलत नव्हतं. आईबापांना विचारलं तर ते मुलांना दोष देत: आम्ही तर ताइयापच बोलतो, पोरंच हट्टाने टोक पिसिन बोलतात. क्युलिकने घराघरांत बसून बोलणं मुद्रित केलं. आई लेकराला ताइयापमध्ये एक हाक मारायची, लगेच तीच गोष्ट टोक पिसिनमध्ये पुन्हा सांगायची, आणि पुढचं सगळं बोलणं टोक पिसिनमध्येच चालायचं. ती ताइयापच बोलत होती, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.